इंग्लंडमधली एकदिवसीय मालिका (जुलै २०२५): जिंकलो, पण मधल्या षटकांचं काय?

थर्डमॅन
२ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकल्यापासून सगळी चर्चा उपांत्य आणि अंतिम सामन्याचीच चालली आहे. ती व्हायलाच हवी. पण या संघाची ताकद कुठे आहे आणि दुखतं कुठे, हे दोन्ही त्याआधी जुलैमध्ये इंग्लंडमधल्या तीन एकदिवसीय सामन्यांत लख्ख दिसलं होतं. मालिका २-१ अशी आपल्या बाजूने सुटली, त्यामुळे दुखण्याकडे कोणी फारसं बघितलं नाही. म्हणून हा धागा.

माझा मुद्दा असा: ११ ते ४० या षटकांत समोरच्या संघाची जोडी जमली की आपल्याला ती फोडता येत नव्हती. सामने वाचले ते मधल्या आणि खालच्या फळीच्या फलंदाजीमुळे आणि क्रांती गौडमुळे.

पहिला सामना, १६ जुलै, साउदॅम्प्टन. क्रांतीने एमी जोन्स आणि टॅमी बोमाँट या दोन्ही सलामीवीर स्वस्तात काढल्या, इंग्लंड २ बाद २०. इथून खरं तर दोनशेच्या आत गुंडाळायला हवं होतं. पण नॅट सिव्हर-ब्रंट आणि एमा लॅमने ७१ जोडल्या. स्नेह राणाने १० षटकांत फक्त ३१ देऊन २ बळी घेतले, इंग्लंड ४ बाद ९७. आणि पुन्हा तेच! सोफिया डंकली (९२ चेंडूंत ८३) आणि ॲलिस डेव्हिडसन-रिचर्ड्स (७३ चेंडूंत ५३) यांची पाचव्या गड्यासाठी १०६ ची भागीदारी. ५० षटकांत ६ बाद २५८.

पाठलागात आपल्या पहिल्या चौघींनाही सुरुवात मिळाली, पण मोठी खेळी एकीचीही नाही: स्मृती २८, प्रतिका ३६, हरलीन २७, हरमनप्रीत १७. मग जेमिमा (४८) आणि दीप्ती (६४ चेंडूंत नाबाद ६२) यांनी ९० जोडल्या, शेवटी अमनजोतने नाबाद २० केल्या आणि ४८.२ षटकांत ६ बाद २६२. तोवर एकदिवसीय सामन्यांत याहून मोठा यशस्वी पाठलाग आपण एकदाच केला होता, २०२१ मध्ये मकाय इथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध, २६५ चा.

दुसरा सामना, १९ जुलै, लॉर्ड्स. पावसामुळे २९-२९ षटकं. आपण ८ बाद १४३. इंग्लंडच्या डावात पुन्हा पाऊस, सुधारित लक्ष्य २४ षटकांत ११५, ते त्यांनी २१ षटकांत दोनच गडी गमावून गाठलं.

तिसरा सामना, २२ जुलै, चेस्टर-ल-स्ट्रीट. हरमनप्रीत ८४ चेंडूंत १०२, जेमिमा ५०, रिचा घोष १८ चेंडूंत नाबाद ३८, एकूण ५ बाद ३१८. इंग्लंड २ बाद ८! तिथून सिव्हर-ब्रंट आणि लॅम यांची १६२ धावांची भागीदारी. शेवटी ४९.५ षटकांत ३०५ वर सर्वबाद, आपण १३ धावांनी जिंकलो. क्रांती ५२ धावांत ६ बळी.

७१, १०६, १६२. यातल्या दोन भागीदाऱ्या सलामीच्या जोडीला स्वस्तात काढल्यानंतरच्या आहेत. नव्या चेंडूवर कमावलेलं मधल्या षटकांत परत जात होतं. यावर जाणकारांनी लिहावं.

कव्हर_ड्राइव्ह
आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र अर्धाच पटतो. साउदॅम्प्टनला डंकली आणि डेव्हिडसन-रिचर्ड्स यांच्या दोन खेळ्या मिळून १३६ धावा, १६५ चेंडूंत. म्हणजे षटकाला पाचपेक्षाही किंचित कमी. त्या दोघी टिकल्या, पण त्या टिकल्यामुळेच इंग्लंड २५८ वर अडकलं. मधल्या षटकांत विकेट मिळत नसेल तर धावा तरी आवळायच्या, हा जुना आणि चालणारा उपाय आहे. स्नेहची १० षटकं त्याचंच उदाहरण. षटकाला ३.१ देणारी गोलंदाज दुसऱ्या टोकाला विकेट मिळवून देते, तिच्या नावावर ती लागत नाही एवढंच.

चेस्टर-ल-स्ट्रीटलाही सिव्हर-ब्रंटच्या ९८ धावा १०५ चेंडूंत आल्या. तिचा वेग षटकाला ५.६ आणि संघाला हवे होते ६.३८. ती खेळत होती तोवर आवश्यक धावगती चढत होती. तिला शतकाच्या तोंडावर बाद करणारी विकेट महत्त्वाची होतीच, पण ती येण्याआधी दबाव तयार झाला होता.

थर्डमॅन
कव्हर_ड्राइव्ह, धावा आवळल्या हे मान्य. पण हा उपाय खेळपट्टी थोडी संथ असते तोवरच चालतो. सपाट खेळपट्टीवर आठ गडी हातात असलेला संघ शेवटच्या १५ षटकांत षटकाला आठ-नऊ सहज काढतो. दोनच महिन्यांनी तेच झालं. १४ सप्टेंबरला न्यू चंदीगडला आपण ७ बाद २८१ केल्या आणि ऑस्ट्रेलियाने ४४.१ षटकांत २ बाद २८२ करून सामना संपवला. दोन बाद! तिथे आवळायला काही उरलंच नाही. पुढच्याच सामन्यात स्मृतीच्या ९१ चेंडूंतल्या ११७ मुळे २९२ झाल्या, ऑस्ट्रेलियाचे गडी नियमित पडत गेले आणि १९० मध्ये त्या सर्वबाद. १०२ धावांनी विजय, ऑस्ट्रेलियाचा एकदिवसीय सामन्यांतला धावांच्या फरकाने सर्वात मोठा पराभव. तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी. फरक फक्त विकेट पडल्या की नाही एवढाच.

पॉपिंग_क्रीज
या चर्चेत महिलांच्या एकदिवसीय सामन्यांचे क्षेत्ररक्षणाचे नियम वेगळे आहेत, हे लक्षात घ्यायला हवं. पुरुषांचे सामने बघणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते.

पुरुषांमध्ये ११ ते ४० षटकांत खेळपट्टीभोवती आखलेल्या वर्तुळाबाहेर चार आणि शेवटच्या दहा षटकांत पाच खेळाडू ठेवता येतात. महिलांमध्ये पहिल्या दहा षटकांत दोन आणि ११ ते ५० चार. पाचवी शेवटपर्यंत मिळत नाही. वर्तुळही लहान, २३ मीटर त्रिज्येचं (पुरुषांचं ३० यार्डांचं, म्हणजे २७.४३ मीटर). सीमारेषा ६० ते ७० यार्डांवर, साधारण ५५ ते ६४ मीटर. चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, पुरुषांचा १५६ ते १६३.

मैदानावर याचा अर्थ काय होतो? ऑफस्पिनर उजव्या हाताच्या फलंदाजाला टाकते आहे, षटक ४४ वं. बाहेर चौघी: लाँग-ऑन, डीप मिडविकेट, डीप स्क्वेअर लेग आणि ऑफला एक स्वीपर. लाँग-ऑफ वर्तुळात आलेली. ही रचना चालायची तर चेंडू मधल्या किंवा लेग यष्टीवरच पडला पाहिजे. तो चार बोटं बाहेर पडला की फलंदाज जागा करून एक्स्ट्रा कव्हरवरून उचलते, आणि लेगच्या तिघी नुसत्या बघत राहतात. मग कर्णधार लाँग-ऑफ मागे पाठवते, त्यासाठी डीप स्क्वेअर आत घ्यावी लागते, आणि पुढच्या चेंडूला स्वीप बसतो. एक दार कायम उघडंच. कुठलं उघडं ठेवायचं हे गोलंदाजाला ठरवावं लागतं आणि सहाही चेंडू त्या दारापासून दूर टाकावे लागतात.

म्हणून महिलांच्या सामन्यांत शेवटच्या दहा षटकांत जमलेली फलंदाज पुरुषांच्या सामन्यापेक्षाही जास्त महाग पडते. रिचाच्या १८ चेंडूंतल्या ३८ धावा केवळ ताकदीच्या नाहीत, कुठली बाजू उघडी आहे हे तिला चेंडू पडण्याआधी माहीत असतं. थर्डमॅन यांचा मुद्दा मला यामुळे पटतो. पाचव्या क्षेत्ररक्षकाची सोय नाही, तर जमलेली जोडी ४० व्या षटकाच्या आतच फोडायला हवी.

सीमापार
चांगली चर्चा. एक शंका विचारतो. लॉर्ड्सला आपण २९ षटकांत १४३ केल्या. नंतर इंग्लंडची पाच षटकं कमी झाली आणि लक्ष्य थेट ११५ वर आलं. पाऊस थांबल्यावर त्यांना ३२ चेंडूंत फक्त १३ हव्या होत्या. हा आपल्यावर अन्याय नाही का?

निर्धाव
सीमापार, तसं वाटणं साहजिक आहे, पण अन्याय झालेला नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

पाऊस आला तेव्हा इंग्लंड १८.४ षटकांत १ बाद १०२. म्हणजे ६२ चेंडूंत ४२ हव्या होत्या, षटकाला चारच्या आसपास, हातात नऊ गडी. सामना त्यांच्याच खिशात होता.

पावसाने षटकं कमी झाली की लक्ष्य ठरवणारी डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धत षटकं मोजत नाही, साधनं मोजते. साधनं म्हणजे उरलेली षटकं आणि उरलेले गडी यांचा मिळून एक टक्का. ५० षटकं आणि दहा गडी म्हणजे १००. जुन्या छापील तक्त्यावरून अंदाज घेतला तर २९ षटकं आणि दहा गडी म्हणजे सुमारे ७३ टक्के. सामना सुरू होण्याआधीच दोन्ही संघांची षटकं सारखी कापलेली असल्याने सुरुवातीला लक्ष्य बदलत नाही, १४४ च राहतं. आता पाऊस आला तेव्हा इंग्लंडकडे १०.२ षटकं आणि नऊ गडी, साधारण ३२ टक्के शिल्लक. परत आल्यावर ५.२ षटकं आणि तेच नऊ गडी, साधारण १८ टक्के. साडेचौदाच्या आसपास गेले. ७३ मधले साडेचौदा म्हणजे जवळपास एक पंचमांश. १४३ चा चार पंचमांश ११४.४. म्हणजे बरोबरीसाठी ११४, जिंकायला ११५. आंतरराष्ट्रीय सामन्यात संगणकाची आवृत्ती वापरतात, पण इथे साधा तक्ताही त्याच आकड्यावर येतो.

आता ‘अन्याय’ कुठे दिसतो ते बघा. षटकं १७ टक्के गेली आणि लक्ष्य २० टक्के घटलं. कारण गेलेली पाच षटकं नऊ गडी हातात असतानाची होती, म्हणजे फटकेबाजीची. १८.४ षटकांत एक गडी बाद असताना बरोबरीचा आकडा (सामना तिथेच थांबला असता तर बरोबरीसाठी लागणाऱ्या धावा) सुमारे ८० होता. इंग्लंड १०२ वर, म्हणजे २२ धावांनी पुढे. पाऊस थांबल्यावरही ते तेवढेच पुढे राहिले. पद्धतीने त्यांना नवीन काही दिलं नाही, जे कमावलं होतं ते जपलं.

त्या क्षणी इंग्लंडचे चार गडी बाद असते तर? साधनं आधीच कमी उरलेली, त्यामुळे पाच षटकं गेल्याने हरवलीही कमीच असती आणि लक्ष्य इतकं खाली आलं नसतं. पावसाचा अंदाज असताना दुसऱ्या डावात गोलंदाजी करणाऱ्या संघाने धावा वाचवण्यापेक्षा गडी बाद करण्यावर भर द्यायचा तो याचसाठी. आपल्याला तिथे पावसाआधी एकच गडी मिळाला होता.

मिडऑन
निर्धाव, फार सुरेख उलगडलंत. हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

लॉर्ड्सवर मला फलंदाजीचीही चूक दिसते. ५० षटकांत दहा गडी पुरवून वापरायचे असतात, २९ षटकांतही गडी दहाच, म्हणजे प्रत्येक विकेटची किंमत जवळपास निम्मी होते. तिथे जोखीम लवकर घ्यायला हवी. स्मृतीच्या ५१ चेंडूंत ४२, दीप्तीच्या ३४ चेंडूंत नाबाद ३०. दोघी टिकल्या, पण षटकाला पाचच्या आसपासच. बाकी पडझड. एकूण षटकाला ४.९३. हा ५० षटकांचा वेग झाला.

गोलंदाजांची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. एका गोलंदाजाला डावाच्या एक पंचमांश षटकं. २९ ला पाचाने भाग जात नाही, म्हणून चौघींना सहा-सहा आणि पाचवीला पाच. इंग्लंडच्या सोफी एकलस्टन आणि लिन्सी स्मिथ या दोन्ही डावखुऱ्या फिरकीपटू. दोघींची मिळून बारा षटकं, डावातली जवळपास ४० टक्के. एकलस्टनने २७ धावांत ३ आणि स्मिथने २८ धावांत २ बळी घेतले. या बारा षटकांत कोण कुणाला खेळणार, डावखुरी स्मृती आणि दीप्ती यांना तेव्हा क्रीजवर कसं ठेवायचं, याचं नियोजन दिसलं नाही. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुरी फिरकी आत येते, मिडविकेटकडे फिरकीच्या दिशेने खेळता येते. उजव्या हाताच्या फलंदाजांना ती बाहेर जाते आणि त्या उतावीळ झाल्या की कव्हरला झेल किंवा यष्टीचीत.

लॉर्ड्सचा उतारही आहेच, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सुमारे अडीच मीटर. पॅव्हेलियन एंडकडून टाकलेला चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाला आत येतो आणि डावखुरीपासून दूर जातो, नर्सरी एंडकडून बरोबर उलट. डावखुऱ्या फिरकीला नर्सरी एंड दिला तर उतार आणि फिरकी एकाच दिशेला काम करतात. कुठल्या गोलंदाजाला कुठलं टोक, हे तिथे नाणेफेकीइतकंच महत्त्वाचं.

पॉपिंग_क्रीज
लॉर्ड्सच्या सामन्यातलं बोमाँटविरुद्धचं अपील कोणाला आठवतंय का? क्षेत्ररक्षणात अडथळ्याचं. थ्रो येत असताना तिचा पाय चेंडूला लागला, तिसऱ्या पंचांनी नाबाद ठरवलं. या नियमात कळीचा शब्द ‘जाणूनबुजून’ हा आहे. पायाला चेंडू लागला एवढं पुरत नाही. पंचांना हेतू दिसला पाहिजे: नजर चेंडूवर होती का, धावण्याची रेषा बदलली का, पायाची हालचाल धावण्याची होती की लाथेची. निकालावर मतभेद होऊ शकतात, निकष मात्र हेच.

त्याहून महत्त्वाचं, साउदॅम्प्टनला हरलीनचं धावबाद होणं. हे नव्या मुलींना प्रशिक्षकांनी दहा वेळा दाखवावं. ती २७ वर चांगली खेळत होती. क्रीजपर्यंत आली, पण बॅट जमिनीला टेकवलीच नाही, आणि थेट फेक यष्ट्यांवर. नियम ३० सांगतो की शरीराचा किंवा बॅटचा काही भाग क्रीजच्या मागे जमिनीला टेकलेला हवा. रेषेवर टेकला तर तोही बादच, कारण रेषा क्रीजच्या मागच्या भागात धरत नाहीत. २०१७ पासून धावणाऱ्या किंवा सूर मारणाऱ्या फलंदाजाला एक सवलत आहे. एकदा क्रीजपलीकडे पाय किंवा बॅट टेकली आणि त्याच वेगात पुढे जाताना संपर्क सुटला, तर ती नाबाद. पण आधी टेकली पाहिजे! सवलत टेकल्यानंतर सुरू होते.

उपाय साधा आहे. शेवटच्या दोन पावलांत हात पूर्ण लांब करायचा, बॅटची कड जमिनीला लावायची आणि क्रीजच्या दीड-दोन मीटर आधीपासून सरकवत न्यायची. बॅट उभी रोवली की ती उसळते, आडवी कड सरकते. आणि धाव ‘सहज’ वाटली तरी हेच करायचं. अशी विकेट बहुतेक वेळा सोप्या धावेवरच जाते.

लेगकटर
क्रांतीबद्दल कोणी नीट लिहीत नाही म्हणून लिहिते. मध्य प्रदेशातल्या छतरपूर जिल्ह्यातली ही मुलगी, एकदिवसीय पदार्पण मे २०२५ मधलं. म्हणजे चेस्टर-ल-स्ट्रीटला ६ बळी घेतले तेव्हा पदार्पणाला अडीच महिनेही झाले नव्हते. रेणुका ठाकूर दुखापतीमुळे या दौऱ्यावर नव्हती, त्यामुळे नवा चेंडू हिच्याच हातात.

तिची खरी किंमत ही की ती डावाच्या दोन्ही टोकांना विकेट घेते. पहिल्या आणि तिसऱ्या सामन्यात दोन्ही सलामीवीर तिने काढल्या. तिसऱ्यात परत येऊन शेपूट कापलं, शेवटची विकेटही तिचीच. चेंडू टाकते यष्ट्यांच्या रेषेत, भरपूर पुढे. इंग्लंडमध्ये नवा चेंडू हलतो म्हणून तरुण गोलंदाज आखूड टाकून तो हलताना बघत बसतात. फलंदाज चकते, टाळ्या पडतात, विकेट पडत नाही. चेंडू हलायचा तर दीड-दोन मीटर पुढे टाकावा लागतो आणि एक-दोन ड्राइव्हचे चौकार सोसावे लागतात. ९.५ षटकांत ५२ ही धावगती साधारणच आहे. ते चौकार सोसल्यावरच ६ बळी मिळतात.

थर्डमॅन यांच्या मुद्द्याला यातूनच दुजोरा मिळतो. ५२ धावांत ६ बळी घेणारी गोलंदाज असूनही आपण १३ च धावांनी जिंकलो. श्री चरणीने त्या सामन्यात ६८ दिल्या, बळी २ मिळाले. मधली षटकं किती जड गेली ते यावरून कळतं.

कव्हर_ड्राइव्ह
लेगकटर, हे वाचून माझं मत थोडं बदललं. फक्त आवळून चालणार नाही, मान्य. पण मग उपाय काय? चौघी ठरलेल्या, दीप्ती पाचवी. सहावी गोलंदाज खेळवायची तर एक फलंदाज कमी, आणि साउदॅम्प्टनला सामना जिंकून दिला तो सातव्या-आठव्या क्रमांकापर्यंतच्या फलंदाजीनेच.

लेगकटर
विश्वचषकात संघ व्यवस्थापन याच प्रश्नाशी झगडत होतं. विशाखापट्टणमला लागोपाठ दोन सामने गेले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २५१ पुरल्या नाहीत, नादिन डी क्लर्क नाबाद ८४. तीन दिवसांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३० सुद्धा पुरल्या नाहीत, अलिसा हिली १४२. दोन्ही पराभव तीन गड्यांनी. मग इंदूरला इंग्लंडविरुद्ध जेमिमाला बसवून रेणुकाला सहावी गोलंदाज म्हणून घेतलं, इंग्लंडने ८ बाद २८८ केल्या आणि पाठलागात आपण चार धावांनी कमी पडलो. म्हणजे गोलंदाज वाढवली तर फलंदाज कमी पडली. कव्हर_ड्राइव्ह म्हणतात तेच झालं.

नंतर जेमिमा परत आली, उपांत्य सामन्यात तिसऱ्या क्रमांकावर नाबाद १२७ करून ३३९ चा पाठलाग पूर्ण केला. सहाव्या गोलंदाजाचा प्रश्न मात्र तसाच होता. तो सुटला अंतिम सामन्यात, आणि सुटला तो अर्धवेळ गोलंदाजाकडून. लॉरा वोल्वार्ट आणि सुने लूस यांची जोडी जमली होती, अगदी सिव्हर-ब्रंट आणि लॅमसारखी. हरमनप्रीतने शफालीच्या हातात चेंडू दिला. तिने स्वतःच्याच गोलंदाजीवर लूसचा झेल घेतला, पाठोपाठ मारिझान कापला यष्टीमागे झेलबाद केलं. ७ षटकांत ३६ धावा, २ बळी. त्याआधी तिने ८७ केल्या होत्या! वोल्वार्ट १०१ करूनही दक्षिण आफ्रिका २४६, दीप्तीचे ३९ धावांत ५.

इथे शिकण्यासारखं काय, तर जमलेल्या जोडीने तुमच्या पाचही गोलंदाजांचा अभ्यास केलेला असतो. सहावी गोलंदाज उत्तम असण्यापेक्षा वेगळी असणं कामाचं ठरतं: संथ गती, निराळा कोन, आणि फलंदाजाच्या मनात ‘हिला मारलंच पाहिजे’ हा मोह. पहिल्या तीन-चारमधल्या एखादीने नेटमध्ये रोज चार षटकं टाकली पाहिजेत. हरमनप्रीत स्वतः टाकू शकते, प्रतिकाही टाकते. जुलैमध्ये हे हत्यार अधिक वापरायला हवं होतं.

सीमापार
डकवर्थ-लुईसचं उत्तर वाचून समाधान झालं, आभार. आता आणखी एक. सामना बघताना मधली षटकं कशी चालली आहेत हे ओळखायचं कसं? पडद्यावर नुसती धावगती असते.

निर्धाव
वहीचं एक पान पुरतं. आडव्या पाच ओळी, दर दहा षटकांना एक. उभे पाच रकाने: धावा, बळी, निर्धाव चेंडू, चौकार-षटकार आणि एकेरी-दुहेरी. प्रत्येक ओळीत ६० चेंडू, त्यामुळे टक्केवारी चटकन निघते.

६० पैकी निर्धाव ३० च्या वर गेले तर गोलंदाजी वरचढ आहे असं मी धरतो, २५ च्या खाली आले तर जोडी जमली, मग चौकार एकही नसला तरी. फसगत होते ती इथेच. चौकार नाहीत म्हणून समालोचनात ‘दबाव’ म्हणतात आणि दोघी एकेरी-दुहेरीवर षटकाला पाच काढत असतात. वर्तुळ २३ मीटरचं असल्याने आतल्या क्षेत्ररक्षक जवळ येतात, एकेरी धाव अडवणं खरं तर सोपं व्हायला हवं. तरी एकेरी निघत असतील तर कर्णधाराने कव्हर आणि मिडविकेट फार मागे ठेवल्या आहेत असं समजा.

सहावा रकाना जोडायचा असेल तर ‘गोलंदाजीतले बदल’ लिहा. २० षटकं तीच जोडी खेळते आहे आणि त्यात तीनच गोलंदाज वापरल्या गेल्या, तर पुढच्या दहा षटकांत काय होणार ते आधीच दिसतं.

मिडऑन
दौऱ्याच्या आखणीचा मुद्दा राहिला. २८ जून ते १२ जुलै पाच टी-ट्वेंटी (त्या आपण ३-२ जिंकलो), आणि चारच दिवसांनी पहिला एकदिवसीय सामना. मग १६, १९, २२, मध्ये दोन-दोनच दिवस. साउदॅम्प्टन ते लंडन जवळ आहे, पण लंडन ते चेस्टर-ल-स्ट्रीट चारशे किलोमीटरच्या वर. एक दिवस प्रवासात गेला की सरावाला एकच उरतो, तोही बहुतेकींसाठी ऐच्छिक. टी-ट्वेंटीत चार षटकं टाकणाऱ्या गोलंदाजाला चार दिवसांत दहा षटकांची सवय लागत नाही. तिसरा स्पेल ढिला पडण्याचं ते एक कारण असणार. टी-ट्वेंटी चालू असतानाच एकदिवसीय संघातल्या गोलंदाजांना नेटमध्ये सलग सहा-सहा षटकं टाकायला लावणं, एवढा तरी बदल करता येईल.

थर्डमॅन
मिडऑन, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. निर्धाव यांच्या पद्धतीने दिल्लीचा २० सप्टेंबरचा सामना मांडून बघणार आहे. ऑस्ट्रेलिया ४७.५ षटकांत ४१२ सर्वबाद, बेथ मूनी ७५ चेंडूंत १३८. उत्तरात स्मृतीचं ५० चेंडूंत शतक, ६३ चेंडूंत १२५, आपण ४७ षटकांत ३६९. तिथे दहाही विकेट मिळाल्या आणि तरी ४१२ झाल्या. माझ्या मूळ मुद्द्याला हा सामना बसत नाही, म्हणूनच तो आधी मांडायला हवा.

निर्धाव
जरूर मांडा. त्या सामन्यात विकेट कुठल्या षटकात पडल्या तेही त्याच ओळीत लिहा. नुसती दहा ही संख्या फसवेल. ४० षटकांनंतर पडलेले गडी वेगळ्या शाईने.